सॉफ्टबॉलच्या ‘इनफिल्ड फ्लाय’ नियमाबाबत मदत हवी आहे

सर्व क्रीडाशिक्षक व पंच मंडळींना नमस्कार. मी जळगाव जिल्ह्यातील एका शाळेत मुलींच्या सॉफ्टबॉल संघाचा सराव घेतो. गेल्या आठवड्यातील मैत्रीपूर्ण सामन्यात आमची एक खेळाडू बाद झालेली होती आणि पहिल्या व दुसऱ्या बेसवर आमच्या रनर उभ्या होत्या. तेवढ्यात आमच्या बॅटरने मारलेला चेंडू शॉर्टस्टॉपच्या (दुसऱ्या व तिसऱ्या बेसच्या मधल्या क्षेत्ररक्षक खेळाडूच्या) डोक्यावर उंच उडाला, सहज झेलता येण्याजोगा असूनही तिच्या ग्लोव्हमधून निसटून मातीत पडला, आणि तिने तो उचलून आधी तिसऱ्या व मग तेथून दुसऱ्या बेसवर पोहोचवल्याने झेल सुटल्यामुळे पुढच्या बेसकडे पळणे भाग असलेल्या आमच्या दोन्ही रनर बाद ठरल्या. पंचांनी काहीही पुकारले नव्हते.

माझ्या समजुतीप्रमाणे दोनपेक्षा कमी बाद असताना पहिले दोन किंवा तिन्ही बेस भरलेले असतील, तर असा चेंडू उडताच ‘इनफिल्ड फ्लाय’ पुकारावा लागतो (बंट, म्हणजे बॅट न फिरवता हलकेच टोलवलेला चेंडू, मात्र यात येत नाही); मग झेल सुटला तरी बॅटर बाद होते आणि रनरवर पुढे पळण्याची सक्ती राहत नाही. क्रिकेटवर वाढलेल्या आमच्या पालकांना हे पटवताना नाकी नऊ येतात, तो भाग वेगळा.

पंच पुकारायचे विसरले, तर निर्णय नंतर दुरुस्त होऊ शकतो का? त्यासाठी प्रशिक्षकाने पुढचा चेंडू टाकला जाण्यापूर्वीच दाद मागणे आवश्यक आहे का? शक्य असल्यास नियमपुस्तकातील कलमासह कृपया कळवावे.