स्टुटगार्टला शिकलेला निवांतपणा मुंबईत टिकतो का?

मुलुंडवासी:
सात वर्षं जर्मनीतल्या स्टुटगार्टला राहून दोन वर्षांपूर्वी आम्ही मुलुंडला परत आलो. मुंबई आणि स्टुटगार्ट १९६८ पासून भगिनी शहरं आहेत, पण दोघींच्या स्वभावात जमीन-अस्मानाचा फरक. तिथे गेले तेव्हा माझ्या अंगात मुंबईचा वेग होता. पोळ्या लाटताना कानाला फोन, फोन चालू असतानाच डबा भरायचा.

पहिल्याच महिन्यात आमच्या दाराला एक पाटी अडकवलेली दिसली. त्या भागात बऱ्याच इमारतींत भाडेकरूंची आठवड्याची पाळी असते. जिना झाडायचा, पुसायचा, आठवडा संपला की पाटी शेजारच्यांच्या दाराला. याला म्हणतात 'केरवोखं'. त्यात आपला 'केर' ऐकून मला तेव्हा फार आपलं वाटलं होतं. मी दहा मिनिटांत जिना उरकला. खालच्या आजी वर आल्या, माझ्या हातातला ब्रश घेतला आणि पायरीच्या कोपऱ्यातली धूळ कशी काढायची ते दाखवलं. दोन पायऱ्यांना पाच मिनिटं. मला भयंकर राग आला.

वर्षभरात तोच जिना मला आवडायला लागला. लाकडी पायऱ्या ओल्या झाल्या की एक वास यायचा. चौथी पायरी कुरकुरायची. सकाळी नऊच्या सुमारास खिडकीतून उन्हाचा पट्टा बरोबर वळणावर पडायचा. रविवारी दुकानं बंद, भिंतीला ड्रिल लावायचं नाही, काचेच्या रिकाम्या बाटल्या टाकायला जायचं तेही रविवारी नाही. आधी जीव गुदमरायचा. मग शहरातल्याच द्राक्षमळ्यांच्या कडेने, जुन्या दगडी पायऱ्यांवरून नुसतं चालायची सवय लागली.

आता मुलुंडला मी सकाळचा चहा फोन लांब ठेवून घेते. गवार हाताने मोडते, चिरलेली आणत नाही. घरचे म्हणतात, फॉरेनचं खूळ. माझं मत असं की आपली निम्मी घाई ही गरज नसून सवय आहे. तुम्हाला काय वाटतं?

सातबेचाळीस:
ताई, मला हे अजिबात पटत नाही. मी डोंबिवलीहून ७:४२ ची फास्ट पकडते. ती चुकली तर पुढच्या गाडीत पाय ठेवायला जागा नसते. ऑफिसात तीन लेट मार्क झाले की अर्ध्या दिवसाचा पगार कापतात. जाऊन-येऊन तीन तास प्रवासात जातात, त्यातला बराचसा उभ्याने. यात सवय कुठली?

येताना आमच्या डब्यात बायका मांडीवर पिशवी घेऊन मेथी निवडतात. कुर्ला ते ठाणे एक जुडी होते. तुम्ही बघितलंत तर म्हणाल किती निवांत चाललंय. ती मेथी गाडीत निवडली जाते कारण घरी पोचल्यावर कुकर लावायचा असतो, मुलाचा अभ्यास असतो, सासूबाईंचं औषध असतं. चहाची वीस मिनिटं तुम्हाला मिळतात याचा मला आनंद आहे, पण ज्यांना मिळत नाहीत त्यांच्या घाईला सवय म्हणू नका.

गिरणगावचा नातू:
मला 'तिथे शिकले' यावर बोलायचंय. रविवार ही मुंबईने लढून मिळवलेली गोष्ट आहे. गिरण्यांत आठवड्याचे सातही दिवस काम चालायचं. महात्मा फुल्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन काढली. सभा, अर्ज-विनंत्या, पुन्हा सभा, असं करत १० जून १८९० ला गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली.

माझे आजोबा परळच्या गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, होते. रविवारी सकाळी दाढी, मग चाळीच्या गॅलरीत बसून दोन कप चहा आणि पेपर शेवटच्या पानापर्यंत. दुपारी मटण. संध्याकाळी भजन. कुठल्याही परदेशाने त्यांना हे शिकवलं नव्हतं.

आणि दुसरी बाजूही सांगतो. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि त्यांचे सगळेच वार मोकळे झाले. त्याच गॅलरीत, त्याच खुर्चीवर बसायचे, पण आजी सांगायची, चहा तसाच थंड व्हायचा. महिन्याचा पगार हातात येत होता तोवरच त्या चहाला चव होती.

रात्रपाळी:
मी नर्स आहे, मुंबईत शिकले, चार वर्षांपासून जर्मनीतच नोकरी करते. इथला रविवार सगळ्यांचा नसतो. महिन्यातले दोन रविवार मी वॉर्डात असते. जो रविवार सुट्टीचा मिळतो, त्यात डिसेंबरमध्ये साडेचारला अंधार होतो आणि दिवसभरात एक माणूस माझ्याशी बोललेलं नसतं. त्या शांततेचा आस्वाद घ्यायला घरात कोणीतरी लागतं हो. मला मुलुंडच्या बाजारातला धक्काबुक्कीचा कोपरा हवासा वाटतो.

पण डोंबिवलीच्या ताईंना एक सांगते. इथे रविवारचं संरक्षण थेट राज्यघटनेत आहे, १९१९ च्या वायमार घटनेतलं कलम १९४९ च्या घटनेत तसंच घेतलंय. वर्षाला किमान चार आठवड्यांची पगारी रजा कायद्याने मिळते. मी रजा मागते तेव्हा कोणाची मर्जी सांभाळावी लागत नाही. मुंबईत सहा वर्षं केली, तिथे लागायची. मुलुंडवासींना जो निवांतपणा सापडला, त्याच्या खाली हे सगळं आहे.

मुलुंडवासी:
सातबेचाळीस, तुमच्या बाबतीत 'सवय' हा शब्द चुकला. मागे घेते. पण पूर्ण नाही. माझे बाबा निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली, आजही ते सात मिनिटांत जेवतात आणि आई पानावर बसायच्या आत हात धुतात. तिने केलेल्या आळूच्या भाजीत दाणे आहेत की चणाडाळ, हे त्यांना सांगता येत नाही. चाळीस वर्षं गाडी पकडलेला माणूस गाडी नसतानाही धावतो. मला याचं फार वाईट वाटतं, म्हणून हा विषय काढला.

कट्टेकरी:
एकच प्रश्न. स्टुटगार्टला तुम्ही जिना झाडत होतात. मुलुंडच्या सोसायटीत कोण झाडतं?

मुलुंडवासी:
या प्रश्नाने दोन दिवस झोप लागली नाही. आमच्याकडे एक मावशी येतात. सात मजले पाऊण तासात, कारण नंतर अजून दोन इमारती असतात. मी त्यांना म्हटलं, आमच्या मजल्याचा जिना यापुढे मी झाडेन. त्या झाडू भिंतीला टेकवून म्हणाल्या, "नको ताई. तुम्ही झाडलंत तर सोसायटी माझे पैसे कापेल." मग विचारलं, सुट्टी कधी असते? तर म्हणाल्या, गावी गेले की. आणि तेवढ्या दिवसांचा पगार नाही.

गिरणगावच्या नातवाने लिहिलेली १० जून १८९० ही तारीख तेव्हापासून डोक्यात फिरतेय. येत्या शनिवारच्या सोसायटीच्या मीटिंगला मी विषय दिलाय: मावशींना आठवड्याची एक पगारी सुट्टी, आणि त्या दिवशी प्रत्येक मजल्याने आपापला जिना झाडायचा. सेक्रेटरींचा फोन आला होता, विषय मागे घ्या म्हणून. घेतलेला नाही.

सातबेचाळीस:
मीटिंगमध्ये काय ठरलं ते इथे नक्की लिहा. आमच्या बिल्डिंगच्या मावशींनाही मी उद्या विचारते.