रानलसणाची पिशवी आणि घरचा ग्रुप

वहिनी: सकाळी नदीकाठच्या रानात फिरायला गेलो होतो. झाडांखाली सगळीकडे वाइल्ड गार्लिक, म्हणजे रानलसूण! नुसता पाय पडला तरी वास सुटतो. पिशवी भरून पानं आणलीत, आता पेस्टो (ती इटालियन हिरवी चटणी) करायचाय. आत्या, तुम्ही दरवर्षी करता ना? प्रमाण सांगा की. फोटो टाकतेय.

वहिनी: (फोटो)

काका: पालक दिसतोय.

चिऊ: बाबा 😂

आत्या: छान कोवळी आहेत गं पानं. मार्च-एप्रिलमध्येच घ्यावीत, एकदा फुलं आली की चरबट होतात. पण अजून मिक्सर काढू नकोस. आधी ओट्यावर कागद पसर, पिशवी उलटी कर आणि एकेक पान हातात घेऊन बघ.

दादा: आत्या, लसूणच आहे. घरभर वास सुटलाय.

आत्या: तिथंच तर गोम आहे. मूठभर पानं तोडली की बोटांना वास बसतो. मग पुढे काहीही चुरगळ, लसूणच वाटणार. आणि पिशवीत एकत्र राहिली की परक्या पानालाही तोच वास लागतो. वासाची परीक्षा सुरुवातीच्या दोन-चार पानांपुरती. नंतर डोळेच वापरायचे.

काका: ताई, पोरांना उगाच घाबरवू नकोस. इतकी माणसं खातात.

आत्या: खातात, कारण बघून तोडतात. रानलसणाचं प्रत्येक पान जमिनीतून आपापल्या देठावर येतं. मऊ असतं, मधोमध एक ठळक शीर आणि बाकीच्या शिरा तिच्याबरोबर लांबीच्या दिशेने जातात. मागची बाजू मंद, चकाकी नाही. लिली ऑफ द व्हॅली लांबून अगदी तशीच दिसते, पण तिची दोन पानं एकाच दांड्यावर एकमेकांत गुंडाळून वर येतात आणि मागची बाजू तुकतुकीत असते. तिच्यातलं विष थेट हृदयाच्या ठोक्यांवर जातं. ऑटम क्रोकस तर आणखी वाईट. त्याच्या पानांना देठच नसतो, जमिनीतून झुबका येतो. फुलं शरद ऋतूत आणि पानं वसंतात, त्यामुळे पानं येतात तेव्हा ओळखायला फूल नसतं. त्यात कोल्चिसिन असतं. त्रास काही तासांनी सुरू होतो, उतारा नाही, आणि शिजवूनही ते विष जात नाही.

वहिनी: बाप रे. कागद पसरतेय.

चिऊ: वहिनी, फोटो झूम करून बघ. उजवीकडे खाली एक पान जास्त चकचकीत आहे. बाकीच्यांसारखं वाटत नाही.

वहिनी: कुठलं? थांब.

वहिनी: (फोटो)

वहिनी: हे? एकटंच आहे. जरा जाडसर लागतंय हाताला.

आत्या: उजेडासमोर धर. शिरा कशा आहेत?

वहिनी: मधल्या शिरेतून आडव्या फुटल्यात. त्यांची जाळी झालीय. आणि कडेच्या थोडं आत एक शीर पानाला वळसा घालून गेलीय.

आत्या: लॉर्ड्स अँड लेडीज नावाचं विषारी रोप आहे हे. बाजूला काढ. हे रानलसणाच्या ताटव्यातच उगवतं, त्याच ओलाव्यात, त्याच सावलीत. मोठं झालं की पान बाणाच्या टोकासारखं होतं, मग लहान मूलही ओळखेल. पण कोवळं असताना खालचे दोन कान नीट फुटलेले नसतात, तेव्हा फसवतं. लिली आपल्या पिशवीत येण्याची शक्यता कमीच, हे मात्र कुणाच्याही पिशवीत येऊ शकतं.

दादा: खाल्लं असतं तर?

आत्या: ते अळूच्या कुळातलं आहे. अळू कच्चं राहिलं की घसा कसा खाजतो? तेच कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक यात असतात. तोंडाची आग आग होते, ओठ-जीभ सुजतात. आणि अळू निदान आपण चिंच घालून रटरटा शिजवतो. पेस्टो कच्चा. मिक्सरमध्ये एक पान गेलं की सगळी बरणी गेली, निवडून काढणार कसं? म्हणून म्हटलं मिक्सर काढू नकोस.

आई: देवा. सूनबाई, सगळी फेकून दे. बाजारात तयार बाटल्या मिळतात की.

वहिनी: नाही हो आई. एकेक बघितली की प्रश्नच नाही. ह्यांनाही बसवलंय निवडायला.

दादा: बसलोय. 😐

मी: तोडतानाच निवडत गेलं तर? मुठीने ओरबाडायचं नाही, एकेका पानाचा देठ पकडून तोडायचं.

आत्या: तेच खरं. आणि एका झुबक्यातलं एखादंच पान घ्यायचं, म्हणजे रोपही जगतं. ताटव्याच्या मधोमध शिरायचं नाही, पायाखाली सगळं चेचतं. हा लसूण जुन्या जंगलांची खूण मानतात, एका वर्षात तयार झालेला गालिचा नव्हे तो. वाटेच्या अगदी कडेचीही घेऊ नका, तिथे सगळ्या गावची कुत्री पाय वर करतात.

काका: पण दुसऱ्याच्या रानातून तोडून आणायचं म्हणजे चोरी नाही का? पोलीस आले तर?

दादा: काका, इथे इंग्लंड-वेल्समध्ये 1968 च्या थेफ्ट ॲक्टमध्येच लिहिलंय, आपोआप उगवलेल्या झाडांची पानं, फुलं, फळं आणि जंगली अळिंबी तोडली तर ती चोरी धरत नाहीत. अट एकच, विकायला किंवा मोबदल्यासाठी नको. रानलसणाचा जमिनीतला कांदा उपटायचा मात्र नाही. 1981 च्या वाइल्डलाइफ अँड कंट्रीसाइड ॲक्टप्रमाणे जमीनमालकाच्या परवानगीशिवाय कुठलीही रानवनस्पती मुळासकट उपटणं गुन्हा आहे. राखीव जागांचे नियम आणखी वेगळे, तिथली पाटी वाचायची.

काका: वकील झाला पोरगा.

दादा: पानं निवडता निवडता वाचतोय. दुसरं काय करू?

वहिनी: झालं निवडून! अजून काही नाही निघालं. तीन पाण्यांत धुतली. एक छोटी गोगलगाय निघाली, ती बागेत सोडली. आता प्रमाण.

आत्या: आधी फडक्यावर पूर्ण कोरडी कर. पाणी राहिलं तर पेस्टो पातळ होतो आणि लवकर खराबही होतो. 100 ग्रॅम पानांना 50 ग्रॅम दाणे (शेंगदाणे नव्हेत, पाइन नट्स-अक्रोडासारखे), 50 ग्रॅम चीज, साधारण 120 मिली ऑलिव्ह तेल, अर्ध्या लिंबाचा रस आणि मीठ. मीठ शेवटी, चीज खारट असतं. दाणे कोरडेच भाजून गार कर. दाणे आणि चीज आधी फिरव, मग पानं चिरून घाल आणि थांबत थांबत फिरव. सलग फिरवलंस तर भांडं तापतं आणि हिरवा रंग काळपटतो. तेल मिक्सरमध्ये घालूच नकोस. वाटण वाडग्यात काढायचं आणि तेल चमच्याने ढवळत घालायचं. चांगलं ऑलिव्ह तेल पात्याखाली फार घुसळलं की कडवटतं.

चिऊ: पाइन नट्सच हवेत का? केवढे महाग आहेत.

आत्या: मुळीच नाही. इटलीतल्या जेनोव्हाच्या तुळशीवाल्या पेस्टोत ते शोभतात, कारण तिथला स्वाद नाजूक. रानलसूण दांडगा, त्याच्यापुढे पाइन नट कळतही नाही. मी अक्रोड किंवा हेझलनट घालते. सूर्यफुलाच्या बियाही चालतात.

मी: शिवाय काही पाइन नट्समुळे एक-दोन दिवसांनी तोंड कडू पडतं आणि आठवडाभर काही खाल्लं तरी कडूच लागतं. पाइन माउथ म्हणतात त्याला.

आई: चीज कुठलं? आम्ही मे महिन्यात येतोय तिकडे, आम्हा शाकाहाऱ्यांना चालेल असं कर गं.

वहिनी: पार्मेझान आणलंय आई.

मी: मग नाही चालणार. खऱ्या पार्मेझानमध्ये दूध घट्ट करायला वासराच्या पोटातलं रेनेट असतं, त्यांच्या नियमातच आहे ते. म्हणून ब्रिटन-युरोपमध्ये शाकाहारी रेनेटचं चीज पार्मेझान नावाने विकताच येत नाही. पाकिटावर ‘व्हेजिटेरियन हार्ड चीज’ असं काहीतरी लिहिलेलं बघ.

आई: चीजमध्येही?? इतकी वर्षं पास्त्यावर भुरभुरवून खाल्लंय मी.

काका: वहिनी, आता गंगेत डुबकी मारा.

आई: भावोजी, तुम्ही गप्प बसा.

आत्या: चीज न घालताही होतो. दाणे थोडे वाढव, लिंबू वाढव. चीज लागलं तर वाढताना घाला. मला तर फ्रीझरमध्ये ठेवायचा पेस्टो बिनचीजचाच आवडतो, वितळल्यावर ताजं किसलेलं चीज वरून घातलं की छान लागतं.

वहिनी: मग तसाच करते. आत्या, थोडी चव बघितली, फार झणझणीत लागतोय. नाकात गेला.

आत्या: ताजा तसाच लागतो. अर्धी पानं उकळत्या पाण्यात दहा-पंधरा सेकंद बुडवून लगेच बर्फाच्या पाण्यात टाक आणि घट्ट पिळून घाल. तिखटपणा उतरतो, रंगही पक्का हिरवा राहतो. मी मात्र सगळा कच्चाच करते. उकडलेल्या रानलसणात पालकाची चव उरते.

काका: बघा, मी पहिल्यांदाच म्हटलं होतं पालक.

आत्या: आणि गरम पास्त्यात गॅस बंद करून मिसळ. आचेवर परतलास की सगळा स्वाद उडून जातो.

काका: एक मुद्द्याचं बोलतो. बरणीत भरा, वर बोटभर तेल ठेवा. लोणच्यासारखा वर्षभर टिकेल.

आत्या: नाही! हे मात्र कुणीही करू नका. लोणचं टिकतं ते मिठाने आणि आंबटपणाने, तेल नुसतं साथीला असतं. पेस्टोत मीठ चिमूटभर आणि लिंबू चवीपुरतं. मातीतून आलेल्या पानांवर बोट्युलिझमच्या (जीवघेण्या अन्नविषबाधेच्या) जंतूंचे बीजाणू असू शकतात आणि त्यांना हवा नसलेली जागाच आवडते. तेलाखाली आपण नेमकी तीच करून देतो. पीएच 4.6 च्या खाली, म्हणजे पुरेसं आंबट असेल तर ते वाढत नाहीत, पण घरी लिंबू पिळून तो आकडा गाठला की नाही कसं कळणार? वास येत नाही, रंग बदलत नाही. म्हणून फ्रिजमध्ये, 5 अंशांच्या आत, आणि आठवड्यात संपवायचा. उरलेला बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवायचा.

काका: बरं बाई. लोणच्यावर एवढं ऐकून घ्यावं लागेल असं वाटलं नव्हतं.

वहिनी: ट्रे रिकामा केला. एका घरात एक चमचा बसतो, दोघांच्या पास्त्याला तीन-चार पुरतील.

दादा: ओट्यावरून दोन पानं खाली पडली आणि कुत्रा हुंगतोय.

मी: उचल आधी! कांदा-लसणाचं सगळं कूळ कुत्र्यामांजरांना विषारी असतं, रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. हाही त्यातलाच.

दादा: उचलली. त्याने खाल्लं नाही. तोंड वाकडं करून गेला.

चिऊ: आत्या, आमच्या हॉस्टेलच्या मागेही आहे हा, पण पानं अरुंद आहेत आणि देठ तीन कडांचा. फुलं पांढरी, खाली मान घातलेली. वास लसणाचाच.

आत्या: तो थ्री-कॉर्नर्ड लीक. तोही खातात. बाहेरून आलेला, फार पसरतो, रानात लावायला किंवा पसरवायला कायद्याने बंदी आहे. तो हवा तेवढा तोड. फक्त पानाबरोबर देठाच्या तिन्ही कडा बोटाने चाचपून बघ. ब्लूबेल या रानफुलाची पानंही अरुंदच असतात आणि ती विषारी आहेत.

चिऊ: आणि कळ्या?

आत्या: रानलसणाच्या कळ्या फुलायच्या आत तोडून व्हिनेगरमध्ये घाल, फार सुरेख लागतात. फुलं सॅलडवर. नंतर हिरवी फळं धरतात, तीन-तीन फुगवट्यांची. ती मिठात मुरवून मग व्हिनेगरमध्ये टाकतात.

काका: म्हणजे लोणचंच की!

आत्या: हो, व्हिनेगरमधलं. तेलातलं नाही.

वहिनी: (फोटो)

वहिनी: झाला! अक्रोड घातलेत. ह्यांनी ब्रेडला लावून अर्धी वाटी संपवली, आता फ्रीझरमध्ये काय ठेवू?

दादा: निवडणावळ आहे ती माझी.