आर्चबिशपला मूलबाळ नाही, मग घराण्याला त्या गादीचा फायदा काय?

चोपड्याची_लेक:
राम राम मंडळी. एम.ए. इतिहासाच्या सेमिनारला मला मध्ययुगीन जर्मनीतले आर्चबिशप (ख्रिस्ती धर्माचे मोठे प्रांतप्रमुख) आलेत. एक गाठ सुटत नाही. आमच्याकडे पाटीलकी बापाकडून पोराकडे जायची, ते समजतं. आर्चबिशपला लग्न नाही, औरस वारस नाही. तरी उमराव घराणी आपली पोरं त्या गादीवर बसवायला का धडपडायची?

नाना_अमळनेर:
ताई, वारस नाही हेच तर राजाला हवं होतं! 953 साल घे. राजा पहिला ऑटो याच्यावर त्याचा मुलगा लिउडोल्फ आणि जावई कोनराड उलटले. जावई लोरेन या प्रांताचा ड्यूक, म्हणजे मोठा सरदार, होता. ऑटोने लोरेन त्याच्याकडून काढून सख्ख्या धाकट्या भावाकडे, ब्रूनोकडे दिलं, आणि ब्रूनो त्याच वर्षी कोलोनचा आर्चबिशपही झाला. ड्यूकला मुलूख दिला की त्याची पोरं त्यावर हक्क सांगतात. आर्चबिशप वारला की जागा रिकामी, राजा पुन्हा आपला माणूस बसवणार. म्हणून जमिनी, जकात, बाजार, नाणी पाडण्याचा हक्क, सगळं राजांनी बिशपांच्या हाती दिलं.

घराण्यांचा डाव पुढे रंगला. 1122 च्या वर्म्सच्या तहाने बिशपला पदाची खूण म्हणून अंगठी आणि धर्मदंड देण्याचा हक्क सम्राटाने, म्हणजे जर्मन राजानेच, सोडला. हळूहळू बिशपची निवडणूक कॅथेड्रलच्या (बिशपच्या मुख्य चर्चच्या) धर्ममंडळाच्या हाती गेली आणि त्या मंडळात उमरावांचेच धाकटे मुलगे भरलेले. म्हणजे मुलगा नसला तरी पुतण्या, चुलतभाऊ तयार.

गिरणाकाठ:
नानांना एक जोड देतो. सगळेच उमराव नव्हते. माइन्झचा आर्चबिशप विलिगिस (975 ते 1011) साध्या घरातला मानतात, आणि राजा तिसऱ्या ऑटोच्या बालपणी राज्य सावरण्यात त्याचा मोठा वाटा होता. कोलोनचा आर्चबिशप अॅनो याचंही वाच. 1062 मध्ये त्याने कायझर्सवेर्थला अकरा वर्षांच्या राजा चौथ्या हेन्रीला नावेवर चढवलं आणि ऱ्हाईनमधून पळवून नेलं. राजा ज्याच्या ताब्यात, राज्य त्याचं.

चोपड्याची_लेक:
खूप आभार, दादा. नाना, म्हणजे खरा वारसा पुतण्याकडून चालायचा?

नाना_अमळनेर:
हो, आणि भाऊबंदकीही तिथूनच. कोलोनचा आर्चबिशप एंगेलबर्ट बेर्ग घराण्यातला, त्याच्या आधी चुलतभाऊ आडोल्फही त्याच गादीवर होता. 1225 च्या नोव्हेंबरात एंगेलबर्टला गेव्हेल्सबेर्गजवळ गाठून मारलं, आणि कट त्याच्याच नातलगाचा, फ्रीडरिख इझेनबेर्गचा. भांडण कशावरून? एसेनच्या मठाच्या संरक्षकपदावरून, म्हणजे मठाच्या उत्पन्नावरून. मला या माणसाबद्दल फार हळहळ वाटते. मठाला लुबाडणाऱ्या आपल्याच माणसाला आवरायला गेला आणि जीव गमावून बसला.

1356 च्या सुवर्णपत्राने, म्हणजे राजाच्या निवडीचे नियम ठरवणाऱ्या शाही फर्मानाने, माइन्झ, ट्रियर आणि कोलोनचे आर्चबिशप सात निवडकर्त्यांत पक्के बसले. राजा निवडणाऱ्या सातांपैकी तीन मतं धर्मगादीची! मग घराणी ती सोडतात होय? तुझ्या काळाच्या पुढचं आहे, पण 1583 पासून 1761 पर्यंत कोलोनला सलग पाच आर्चबिशप बव्हेरियाच्या विटेल्सबाख घराण्याचे झाले, बहुतेक वेळा काकानंतर पुतण्या. सेमिनारची सुरुवात मात्र ब्रूनोपासूनच कर, आणि लोरेनचा नकाशा सोबत ने.