डब्ल्यूसीएजी २.२ आणि अ‍ॅक्सेसिबिलिटीचं ट्रेनिंग: छोट्या टीमने सुरुवात कुठून करायची?

फ्रंटएंड_नाशिक

नमस्कार मंडळी. आम्ही तिघं मिळून वेबसाइट करतो, गिऱ्हाइकं म्हणजे पतसंस्था, शाळा, दवाखाने अशीच. गेल्या वर्षी एका पतसंस्थेची साइट करून दिली. आता त्यांच्या एका संचालकांनी पेपरात सुप्रीम कोर्टाच्या निकालाबद्दल वाचलं आणि मला फोन करून विचारलं, आपली साइट अंध सभासदांना चालते का? मी लाइटहाउस (साइट तपासून गुण देणारं गूगलचं टूल) चालवलं, अ‍ॅक्सेसिबिलिटीला ९६ आले, स्क्रीनशॉट पाठवला, विषय संपला असं वाटलं. पण त्यांनी एका ज्येष्ठ सभासदांना ऑफिसात बोलावलं, त्यांना दिसत नाही, मोबाइलवर टॉकबॅक, म्हणजे स्क्रीनवरचं बोलून सांगणारी सोय वापरतात, आणि मलाही समोर बसवलं. काका कर्जाच्या हप्त्याच्या कॅल्क्युलेटरपाशी आले आणि तिथेच अडकले. स्लायडर ओढायचा आहे हे त्यांना कळतच नव्हतं कारण फोन काही बोलतच नव्हता. दहा मिनिटं ते शांतपणे बोट फिरवत होते आणि मी नुसती बघत होते. घरी आल्यावर जेवण गेलं नाही मला.

तर आता नीट शिकायचंय. डब्ल्यूसीएजी, म्हणजे वेबसाइट दिव्यांगांनाही वापरता यावी म्हणून ठरवलेले निकष, त्याच्या २.२ आवृत्तीत नेमकं काय बदललंय, की ३.० येणार म्हणून थांबायचं? ट्रेनिंग कोणतं घ्यावं, फुकट की पैसे भरून? आणि एक कंपनी मागे लागलीये की एका ओळीची स्क्रिप्ट टाका, कोपऱ्यात विजेट येईल, साइट आपोआप कम्प्लायंट होईल, संचालक मंडळाला ते स्वस्त वाटतंय. त्यांना काय सांगू?

जुनाजाणता_डेव्ह

ताई, ३.० साठी अजिबात थांबू नका, ते अजून वर्किंग ड्राफ्ट आहे. काम २.२ धरूनच करायचं. ते ५ ऑक्टोबर २०२३ ला आलं आणि २०२५ मध्ये आयएसओ स्टँडर्ड म्हणूनही मंजूर झालं (४०५०० हा नंबर, आधी त्याच नंबरखाली २.० होतं). आधीची २.१ आवृत्ती येत असेल तर घाबरायचं कारण नाही, नवीन नऊच निकष आहेत आणि एक जुना, ४.१.१ पार्सिंगचा, काढून टाकलाय कारण मोडकंतोडकं एचटीएमएल आता सगळे ब्राउझर सारखंच सावरून घेतात. 

नवातले तीन ट्रिपल ए, म्हणजे सगळ्यात कडक लेव्हलचे, ते सध्या बाजूला ठेवा. उरलेले सहा तुमच्या पतसंस्थेच्या साइटवर सापडतील बघा. स्लायडर ओढूनच चालत असेल तर २.५.७ मध्ये फेल, ओढण्याशिवाय दुसरा साधा मार्ग पाहिजे. बटणं निदान २४ बाय २४ सीएसएस पिक्सेल, नाहीतर आजूबाजूला तेवढी मोकळी जागा. वर चिकटलेला हेडर किंवा खालची कुकीची पट्टी फोकस असलेल्या गोष्टीला पूर्ण झाकते, तेही आता चालत नाही, स्क्रोल पॅडिंग टॉप दिलं की बहुतेक वेळा सुटतं. मदतीचा नंबर किंवा चॅट पानापानावर त्याच क्रमाने हवा. एकाच फॉर्ममध्ये तीच माहिती दुसऱ्यांदा टाइप करायला लावू नका, म्हणजे आपल्याकडचं "कायमचा पत्ता वरीलप्रमाणेच" हे चेकबॉक्स, ते नसेल तर टाका. आणि सहावा लॉगिनचा, तिथे वाकडीतिकडी अक्षरं ओळखा किंवा ७ अधिक ५ किती असली परीक्षा घ्यायची नाही, घ्यायचीच तर दुसरा सोपा रस्ता द्यायचा, आणि पासवर्ड किंवा ओटीपीच्या खान्यात पेस्ट बंद करून ठेवायचं नाही.

अजून एक, गेल्या काही वर्षांत ब्राउझरमध्येच खूप काही आलंय, त्यामुळे हाताने लिहिलेला कोड कमी करता येतो. पॉपअपसाठी डायलॉग एलिमेंट २०२२ पासून सगळ्या मोठ्या ब्राउझरमध्ये आहे. मोडल म्हणून उघडला की मागचं पान निष्क्रिय होतं, एस्केप दाबलं की बंद होतो, फोकस परत बटणावर जातो. पॉपओव्हर पण आता सगळीकडे चालतो. आम्ही हे सगळं जावास्क्रिप्टने करायचो आणि दर वेळी काहीतरी राहून जायचं. तुमचा कॅल्क्युलेटर डिव्हने, म्हणजे एचटीएमएलच्या नुसत्या रिकाम्या डब्याने बनवलाय ना? माझा अंदाज आहे की घोळ तिथेच आहे.

कानाने_वाचतो

ताई, मी स्वतः पूर्ण अंध आहे, पुण्यात अ‍ॅक्सेसिबिलिटी टेस्टिंगचीच नोकरी करतो, लॅपटॉपवर एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर आणि फोनवर टॉकबॅक. तुम्ही त्या काकांच्या समोर दहा मिनिटं बसलात हीच मोठी गोष्ट आहे, बऱ्याच टीम रिपोर्ट वाचून मोकळ्या होतात.

९६ चं सांगतो. टूल एवढंच बघतं की चित्राला ऑल्ट टेक्स्ट (चित्राचं लिखित वर्णन) आहे का, त्यात "बॅनर १ फायनल" लिहिलंय का सभेची तारीख लिहिलीये हे त्याला समजत नाही. डिव्हचा स्लायडर तर त्याच्या लेखी स्लायडरच नाही, मग त्यात चूक कशी सापडणार? माझ्या कानाला असा स्लायडर म्हणजे एकतर शांतता, नाहीतर एनव्हीडीए नुसतं "क्लिकेबल" म्हणतो. कशाचं क्लिकेबल, पुढे काय होणार, काही नाही.

हे करून बघा. डिव्ह काढा, एचटीएमएलचा साधा रेंज इनपुट घ्या, त्याला लेबल द्या "कर्जाची रक्कम", आणि शेजारी आकडा टाइप करायचा खाना ठेवा. आता स्लायडर बोलायला लागेल पण तो "१५००००" असं वाचेल आणि पटकन कानावरून जाताना शून्य किती होते ते मोजत बसावं लागतं. म्हणून एरिया व्हॅल्यूटेक्स्ट (रीडरने आकड्याऐवजी काय बोलायचं ते सांगणारं अ‍ॅट्रिब्यूट) मध्ये "दीड लाख रुपये" असं लिहा, आकडा बदलला की ते पण बदला. मग बोट हललं की मला सरळ "दीड लाख रुपये" ऐकू येतं, मी काय निवडलं ते लगेच कळतं. आणि खाली जो हप्ता येतो ना, तो तुम्हाला दिसतो पण मला कोणी सांगत नाही की तो बदललाय. त्या डब्याला रोल स्टेटस द्या, हप्ता आपोआप वाचला जाईल. फक्त तो प्रत्येक पिक्सेलला बदलू देऊ नका, बोट थांबल्यावर एकदाच, नाहीतर एकावर एक आकडे आदळत राहतात.

दुसरी गोष्ट मराठी साइटवर नव्वद वेळा सांगून झाली तरी परत सांगतो: पानाची भाषा. टेम्प्लेट इंग्रजी असतं, एचटीएमएल टॅगमध्ये लँग "ईएन" तसंच राहतं आणि आत सगळं मराठी. माझा रीडर इंग्रजी आवाजात मराठी वाचायला जातो, कधी अक्षरं सुटी सुटी वाचतो कधी पूर्ण गप्प बसतो. तिथे "एमआर" टाका. दोन अक्षरांचं काम आहे आणि लेव्हल ए चा, म्हणजे अगदी प्राथमिक पातळीचा निकष आहे, ३.१.१. कोणी कोणी "एचआय" टाकतं, देवनागरी म्हणजे हिंदी समजून, मग सगळं हिंदीच्या वळणाने ऐकावं लागतं. पानात मध्येच इंग्रजी परिच्छेद असेल तर तेवढ्याला "ईएन" द्या.

तिसरी, ज्याने मला सगळ्यात जास्त त्रास होतो, वार्षिक सर्वसाधारण सभेची नोटीस. मी एका पतसंस्थेचा सभासद आहे, नाव नको. दर वर्षी नोटीस येते ती डीटीपीवाल्याने बनवलेलं जेपीजी. मला ऐकू येतं "ग्राफिक". एवढंच. विषय काय, सभा कुठे, किती वाजता, सगळं शेजाऱ्यांना विचारून. एकदा मी तक्रार केली तर पीडीएफ पाठवली, ती जुन्या युनिकोडआधीच्या फॉन्टमध्ये, डोळ्याला सुबक मराठी दिसते पण आत रोमन अक्षरं आणि चिन्हं भरलेली असतात, त्यामुळे रीडर ती चिन्हंच वाचतो. सभासद म्हणून मतदानाचा हक्क आहे मला, विषयपत्रिका मात्र माझी मी वाचू शकत नाही. तुमच्या साइटवर नोटिशी युनिकोड मराठीत, साध्या वेबपानावर टाका, पोस्टर हवं तर सोबत राहू दे.

विजेटबद्दल: घेऊ नका. माझ्याकडे स्क्रीन रीडर आहेच, मला साइटवर दुसरा नकोय. आत डिव्हचा स्लायडर आहे तो विजेटने स्लायडर होत नाही, बरेचदा माझ्या शॉर्टकटच्या आड मात्र येतो. अमेरिकेत फेडरल ट्रेड कमिशनने जानेवारी २०२५ मध्ये असंच "आपोआप कम्प्लायंट" सांगून विकणाऱ्या एका कंपनीला १० लाख डॉलर भरायला लावले, हे संचालकांना सांगा.

स्टुटगार्टहून

कानाने_वाचतो दादांनी नोटिशीचं लिहिलंय ते वाचून आईची आठवण झाली, तिची नजर आता कमी झालीये आणि ती फोन मोठ्या अक्षरांवर ठेवते. ताई, झूमपण तपासा. ब्राउझर ४०० टक्के करून आडवं स्क्रोल न करता वाचता आलं पाहिजे. मराठीत एक खास गोष्ट होते, बटणाची उंची फिक्स असते आणि ओव्हरफ्लो हिडन, मग अक्षर मोठं केलं की खालचे उकार कापले जातात आणि वरचे रफार. आईला "पुढे"चं "पढे" दिसत होतं. उंची फिक्स करू नका, लाइन हाइट मोकळी द्या. अक्षरांमधलं अंतर वाढवलं की शिरोरेषा तुटते म्हणून काळजी करत असाल तर, टेक्स्ट स्पेसिंगच्या निकषात लिहिलेलंच आहे की ज्या लिपीत ती गोष्ट वापरत नाहीत तिथे ती लागू नाही.

इथलं थोडं सांगते. युरोपचा अ‍ॅक्सेसिबिलिटी कायदा २८ जून २०२५ पासून लागू झाला, ऑनलाइन दुकानं, बँका, तिकिटं, ई-बुक सगळे त्यात. जर्मनीत दंड १ लाख युरोपर्यंत जाऊ शकतो. दहापेक्षा कमी माणसं आणि २० लाख युरोपर्यंतची उलाढाल असलेल्या सेवा देणाऱ्यांना सूट आहे. पतसंस्थेला याचा संबंध नाही, पण उद्या नाशिकहून कोणी युरोपातल्या ग्राहकांना ऑनलाइन माल विकायला लागलं आणि साइट तुम्ही केली तर हे विचारणार. आमच्या ऑफिसात ती तारीख जवळ आल्यावर सगळे एकदम जागे झाले, सहा महिने नुसती धावपळ. तुम्ही आधीच विचारताय हे फार चांगलं आहे.

शिकवतो_आणि_शिकतो

ट्रेनिंगचं मी सांगतो, गेली काही वर्षं तेच करतोय.

फुकटपासून सुरू करा. हे निकष ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी संस्थेचाच डिजिटल अ‍ॅक्सेसिबिलिटी फाउंडेशन्स नावाचा कोर्स आहे, जानेवारी २०२० मध्ये आला, आठवड्याला चार-पाच तास दिले तर महिन्यात होतो. शिकायला पैसे नाहीत, सर्टिफिकेट हवं असेल तरच. इंग्रजी सोपं आहे. तुम्ही तिघांनी एकदम करा, दर शनिवारी आपल्याच साइटवर लावून बघा, नाहीतर व्हिडिओ बघितल्याचं समाधान मिळतं आणि हाताला काही लागत नाही.

पैसे भरायची परीक्षा म्हणजे आयएएपी या अ‍ॅक्सेसिबिलिटी तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेची. सीपीएसीसी ही संकल्पनांची, कोड नसला तरी देता येते, डब्ल्यूएएस ही डेव्हलपरची. आपल्याकडे याला भाव आला कारण सेबीने ३१ जुलै २०२५ ला परिपत्रक काढलं, ब्रोकर, म्युच्युअल फंड वगैरे त्यांच्या अखत्यारीतल्या सगळ्यांना, आणि ऑडिट आयएएपीच्या सर्टिफाइड माणसांकडून करायला सांगितलं. पतसंस्था सेबीखाली येत नाही, तुम्ही आत्ता घाई करू नका. वर्षभर काम केल्यावर डब्ल्यूएएस द्या, तोपर्यंत प्रश्न वाचून तुम्हाला खरी गिऱ्हाइकं आठवतील.

संचालकांनी पेपरात वाचलं ते बहुतेक ३० एप्रिल २०२५ चा निकाल असणार, प्रज्ञा प्रसून यांची याचिका. अ‍ॅसिड हल्ल्यानंतर त्यांना पापणी मिटता येत नाही आणि बँकेच्या केवायसीला कॅमेऱ्यासमोर डोळे मिचकवा असं हवं होतं. त्याच्याबरोबर एका अंध वकिलांची याचिकाही होती. कोर्टाने सांगितलं की डिजिटल सेवा वापरता येणं हा कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, आणि वीस निर्देश दिले. मुळात २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा आहेच, त्यात कलम ४६ खाली खासगी सेवा देणारेही येतात. नियमांतून वेब आणि मोबाइलसाठी आयएस १७८०२ हे भारतीय स्टँडर्ड लागू आहे. प्रपोजलमध्ये त्याचं नाव घाला, "परदेशी नियम आपल्याला कशाला" हा प्रश्न तिथेच मिटतो.

येत्या शनिवारी संध्याकाळी मी दोन तास ऑनलाइन बसतोय, मराठीतून, एनव्हीडीए लावून. एनव्हीडीए फुकट आहे, आधी इन्स्टॉल करून या. नियम एकच, माउस काढून ठेवायचा. कानाने_वाचतो, तुम्ही याल का? तुम्ही नुसतं साइट वापरत बसलात तरी लोक खूप शिकतील, आणि तुमच्या वेळेचे पैसे मी देणार आहे, फुकटात बोलावत नाहीये.

कानाने_वाचतो

येतो. नोटीस पण घेऊन येतो.

फ्रंटएंड_नाशिक

सगळ्यांचे मनापासून आभार, दोन दिवस उत्तर देता आलं नाही कारण काम करत होतो. लँग खरंच "ईएन" होतं. बदललं आणि एनव्हीडीए लावून डोळे मिटून बसले, पहिल्यांदा माझी साइट मराठीत बोलली. मेनूमध्ये "मुखपृष्ठ" तीनदा वाचत होता, लोगोचं ऑल्ट, लोगोची लिंक आणि मेनू, तेही काढलं. स्लायडरला व्हॅल्यूटेक्स्ट दिलं, फोनवर "दीड लाख रुपये" ऐकू आलं तेव्हा आमच्यातला एकजण टेबलावर हात आपटून "बोलला!" म्हणाला.

विजेटला नाही म्हणून कळवलंय, संचालकांना १० लाख डॉलरचं सांगितल्यावर दुसरा प्रश्नच आला नाही. काकांना पुढच्या आठवड्यात परत बोलावतोय, या वेळी आमच्या खर्चाने रिक्षा आणि त्यांच्या वेळेचं मानधन, मंडळाने मंजूर केलंय.

एक अडकलंय. मागच्या सात वर्षांचे अहवाल सगळे जुन्या फॉन्टमधल्या पीडीएफ आहेत, प्रत्येकी साठ-सत्तर पानं. कन्व्हर्टर लावला तर जोडाक्षरं बिघडतात, ताळेबंदाची टेबलं तर विचारू नका. सगळे एकदम करायचे की या वर्षीचा नीट करून जुने कोणी मागेल तसे द्यायचे? शनिवारी यावर थोडा वेळ मिळेल का?