मदत हवी आहे : ‘डिटी’ या इंग्रजी शब्दासाठी मराठीत काय योजावे?

सर्व जाणकारांना नमस्कार.

रुडयार्ड किपलिंगच्या लाहोरमधील पत्रकारितेच्या काळाविषयीच्या एका इंग्रजी लेखाचा मी एका दिवाळी अंकासाठी अनुवाद करीत आहे. मुंबईत, जे. जे. कलाशाळेच्या आवारात १८६५ साली जन्मलेला किपलिंग १८८२ मध्ये लाहोरच्या ‘सिव्हिल अँड मिलिटरी गॅझेट’ या वृत्तपत्रात नोकरीस लागला आणि १८८६ मध्ये ‘डिपार्टमेंटल डिटीज’ हा त्याचा कवितासंग्रह लाहोरलाच छापला गेला. लेखातील ‘डिटी’ हा शब्द या शीर्षकापुरता राहिला असता, तर मी तो देवनागरीत जसाच्या तसा ठेवून मोकळी झाले असते. परंतु लेखकाने या शब्दाचा सगळा इतिहास मध्ये आणला आहे आणि दर वेळी त्याचा अर्थ थोडा सरकतो, त्यामुळे माझी पंचाईत झाली आहे.

शब्दकोशात ‘छोटे, साधे गाणे’ एवढाच अर्थ मिळतो. तो बरोबरच आहे, पण त्यावर भागत नाही. मूळ लॅटिन क्रियापदाचा अर्थ ‘सांगून लिहून घेणे’ असा असून ‘डिक्टेशन’ हा आपल्या परिचयाचा शब्द त्याच कुळातला आहे. जुन्या फ्रेंचमधून तो इंग्रजीत आला तेव्हा त्याचा रोख गाण्यापेक्षा रचनेवर, म्हणजे शब्दांवर होता. थॉमस मॉर्ली या संगीतकाराने १५९७ साली लिहिलेल्या संगीतविषयक ग्रंथात ‘डिटी’ म्हणजे गाण्याचे शब्द असाच अर्थ आहे, आणि शब्दांत स्वर्ग किंवा उंची असेल तर स्वरही वर चढावेत, उतरण्याची गोष्ट असेल तर ते खाली यावेत, असे तो रचनाकाराला बजावतो. शेक्सपिअरच्या ‘ॲज यू लाइक इट’ या नाटकात दोन पोरे एक प्रेमगीत गातात आणि ते संपल्यावर विदूषक टचस्टोन शेरा मारतो, की ‘डिटी’त फारसा अर्थ नव्हता खरा, पण सूरही अगदीच बेसूर होता. या दोन्ही ठिकाणी मी ‘बोल’ हा शब्द घेतला आहे. बंदिशीचे बोल म्हणतो त्या अर्थाने तो चपखल बसतो, असे मला वाटते. कोणाचा आक्षेप असल्यास अवश्य सांगावा.

पुढे मात्र शब्दांवरचा भर ओसरत जातो. कीट्सने १८१९ साली ग्रीक कलशावर जे स्तोत्र रचले, त्यात कानांना ऐकू न येणाऱ्या पाव्याला आत्म्यासाठी ‘डिटी’ वाजवण्यास सांगितले आहे. तेथे बोलांचा प्रश्नच नाही, उरते ती केवळ धून. आजच्या इंग्रजीत तर या शब्दाला एक प्रकारची मुरड पडली आहे. कवी स्वतःच्या रचनेला ‘डिटी’ म्हणतो तेव्हा तो विनयाने तिचे मोल कमी सांगत असतो आणि समीक्षक दुसऱ्याच्या गाण्याला तसे म्हणतो तेव्हा त्याने नाक मुरडलेले असते.

माझी अडचण नेमकी येथे आहे. साध्या गाण्यांची नावे मराठीत मुबलक आहेत, परंतु ती बहुतेक प्रसंगावरून किंवा कामावरून पडलेली आहेत: जात्यावरची ओवी, शेतातली भलरी, पाळण्यापाशी अंगाई, हादग्याची गाणी, मुलांची बडबडगीते. गाण्याचा आकार आणि त्याच्याकडे पाहण्याची बोलणाऱ्याची नजर, एवढेच सांगणारे नाव मला त्यांत सापडत नाही. ‘गाणुले’ आहे, पण ते फारच लाडिक होते आणि बालवाङ्मयाबाहेर काढले की अवघडून उभे राहते. ‘जिंगल’ जाहिरातीशी बांधले गेले आहे. खेळकरपणाच्या दृष्टीने गोव्यातील दुलपद मला सर्वांत जवळचे वाटते, कारण मांडो संपता संपता द्रुत लयीत येणाऱ्या त्या गाण्यांतही गावातली कुजबुज आणि चेष्टा असते. परंतु दुलपद ही कोकणीतील एक विशिष्ट परंपरा आहे आणि तिचे नाव लाहोरच्या इंग्रज कारकुनांना चिकटवणे मला प्रशस्त वाटत नाही.

आता मुख्य प्रश्न शीर्षकाचा. या संग्रहाची पहिली आवृत्ती सरकारी लखोट्यासारखी दिसेल अशी मुद्दाम बनवली होती: लांबट, अरुंद कागद, एकाच बाजूस छपाई, वर तपकिरी कागदाचे वेष्टन आणि ते बांधायला चक्क लाल फीत. सर्व खातेप्रमुख आणि सरकारी अंमलदार यांच्या नावे ती काढली होती. तेव्हा शीर्षकातही कचेरीचा वास यायलाच हवा. ‘वात्रटिका’ हा शब्द अनेकांना प्रथम सुचेल, मलाही सुचला होता, परंतु त्यातील सर्वच कविता हसून सोडून देण्यासारख्या नाहीत. ‘द स्टोरी ऑफ उरिया’ या कवितेतील जॅक बॅरेटची बदली क्वेट्ट्याला होते. पगारातील तीन चतुर्थांश रक्कम घेऊन बायको सिमल्याच्या थंड हवेत राहते, आणि तो महिनाभरही न टिकता क्वेट्ट्यात मरतो. त्याला तेथे का धाडले, हे सिमल्यात कोणीच उघड बोलत नाही, पण बायबलमधील उरियाचे नाव माथ्यावर असल्याने वाचकाला सांगावे लागत नाही. दावीद राजाने उरियाच्या बायकोसाठीच त्याला रणात पुढे धाडले होते. छंद मात्र अखेरपर्यंत ठुमकत चालतो. ही वात्रटिका म्हटली तर त्या मरणाची थट्टा होईल, आणि ‘कविता’ म्हटले तर ठुमका हरवेल.

‘कचेरीतील कवने’ हा एक पर्याय माझ्या मनात आहे. ‘कवन’ शब्दात रचना आहे, थोडी जुनी चव आहे, आणि मराठीत तो कौतुकाने व उपहासाने अशा दोन्ही सुरांत म्हणता येतो. कोणी कोणावर कवन केले, असे आपण खोचकपणेही म्हणतोच. शिवाय अनुप्रास आपोआप साधतो. मात्र शाहिरी वळणामुळे वाचकाच्या डोळ्यांसमोर डफ येईल का, अशी शंका आहे.

दुसरा पर्याय मला अधिक मोह घालतो आहे, आणि त्याविषयीच मला आपले मत विशेषत्वाने हवे आहे: ‘खातेनिहाय पदे’. प्रथमदर्शनी हे नोकरभरतीच्या जाहिरातीसारखे वाचले जाईल, याची मला कल्पना आहे. किंबहुना तीच त्यातील गंमत आहे. पद म्हणजे गाणे आणि पद म्हणजे हुद्दा, हा श्लेष मराठीत आयता पडून आहे आणि या संग्रहात हुद्दे कसे मिळतात, हाच तर मोठा विषय आहे. ‘आर्मी हेडक्वार्टर्स’ या कवितेतील अहॅशुएरस जेन्किन्सला लष्करी कामात गती नसते, पण गळा गोड असतो आणि एका वजनदार बाईंना त्याचे गाणे आवडते, एवढ्या बळावर तो सिमल्यात बढती मिळवतो. पदे गाऊन पद मिळवणाऱ्या या गृहस्थासाठी तरी हा श्लेष वाया घालवू नये, असे मन म्हणते. उलट बाजूने पाहता, मूळ शीर्षकात असा श्लेष नाही, आणि कीर्तनातील व संगीत नाटकातील पदांमुळे या शब्दाला जे भारदस्तपण आले आहे, ते ‘डिटी’च्या हलकेपणाशी जुळणार नाही, असेही कोणी म्हणू शकेल.

खलाशांच्या सुईदोऱ्याच्या पिशवीलाही इंग्रजीत ‘डिटी बॅग’ म्हणतात. तिचा या लेखाशी संबंध नाही, तेव्हा कृपया ती बाजूलाच ठेवावी.

मूळ शीर्षक देवनागरीत एकदा देऊन पुढे सर्वत्र ‘खातेनिहाय पदे’ वापरले तर तो अनुवादकाचा आगाऊपणा ठरेल का? आणि बोल, धून, पदे असे तीन वेगवेगळे शब्द एकाच इंग्रजी शब्दासाठी एकाच लेखात आल्यास वाचकाचा धागा सुटेल, की प्रत्येक ठिकाणी ‘डिटी’ची आठवण करून देणे पुरेसे होईल? ज्यांनी इंग्रजी कवितेचा अनुवाद केला आहे, किंवा दिवाळी अंकांचे संपादन केले आहे, त्यांनी कारणांसह सांगितल्यास फार उपकार होतील.