मदत हवी आहे: अँड्रॉइड सोडून आयफोन घ्यावा का?
माझा अँड्रॉइड फोन चालतो छान, पण सुरक्षा अपडेट यायचे बंद झालेत. भाऊ त्याचा आयफोन १३ (१२८ जीबी) देतोय. नवा फोन घ्यायचा नाहीये, तेव्हा ते कृपया सुचवू नका.

गाडी अडलीये व्हॉट्सअ‍ॅपवर. गूगल ड्राइव्हवरचा बॅकअप आयफोनवर उतरत नाही, 'मूव्ह टू आयओएस' (अँड्रॉइडवरचा डेटा आयफोनवर हलवणारं अ‍ॅपलचं अ‍ॅप) वापरावं लागतं आणि आयफोन आधी रीसेट लागतो, एवढं वाचलंय. भाऊ रीसेट करून देईल, नंबर तोच राहील. नको ते व्हिडिओ उडवले (नातेवाइकांच्या ग्रुपचे, अर्थात!), तरी ४० जीबी उरलंच. त्यात कामाची बिलं, पावत्या आहेत, म्हणून चॅट सोडून देता येत नाहीत.

एवढा डेटा कुणी हलवलाय का? केबलने की वायफायवर? आणि मध्येच अडकलं, तर अँड्रॉइडमधलं सगळं जागच्या जागी राहतं ना?