गर्भपाताचा निर्णय अजूनही डॉक्टरांच्याच हाती का?

अनघा: १९७१ च्या गर्भपात कायद्याला 'पुरोगामी' म्हटलं की मला राहवत नाही. १८६० च्या दंड संहितेतलं कलम ३१२ गर्भ पाडणाऱ्याला आणि स्वतः पाडून घेणाऱ्या बाईलाही गुन्हेगार ठरवत होतं. चोरून गर्भ पाडताना बायका मरत, म्हणून १९६४ साली शांतिलाल शाह समिती नेमली गेली. शाह तेव्हा आपल्याच राज्याचे आरोग्यमंत्री. कायदा १ एप्रिल १९७२ पासून लागू झाला. पण त्यातून डॉक्टरांना शिक्षेपासून संरक्षण मिळालं, बाईला हक्क मिळाला नाही. 'मला हे मूल नको' एवढं कारण आजही पुरत नाही, डॉक्टरांचं मत लागतंच. गर्भनिरोधक फसल्याचं कारण तर २०२१ पर्यंत फक्त विवाहितेला देता येई!

बीडकर: ताई, तुमचा राग समजतो, पण आमच्या बीड जिल्ह्याकडे बघा. २०११ च्या जनगणनेत सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे मुली ८०७. राज्याचा आकडा ८९४. लिंगनिदानाविरुद्ध देशातला पहिला कायदा महाराष्ट्राने १९८८ मध्ये केला आणि तरी ही गत. गुपचूप सोनोग्राफी करून आलेली सून 'मुलगी आहे म्हणून' असं कधी बोलत नाही. 'बाई म्हणेल तसं' केलंत तर तो हक्क सासूच्या पदरात पडेल.

अनघा: मग धाक सोनोग्राफी यंत्रामागच्या माणसाला हवा. गुन्हा लिंगनिदानाचा आहे, गर्भपाताचा नाही. गोळ्यांनी गर्भपात नऊ आठवड्यांपर्यंतच करता येतो, तेव्हा सोनोग्राफीत मुलगा की मुलगी दिसतच नाही. तरी बीडच्या २०१२ मधल्या बेकायदा गर्भपाताच्या प्रकरणानंतर धाडींच्या भीतीने राज्यातल्या कितीतरी औषध दुकानदारांनी या गोळ्या ठेवणंच बंद केलं. यातून मुलगी कशी वाचली, सांगा ना.

सिस्टर_मंगल: वॉर्डात काम करते म्हणून सांगते. फॉर्म सी, म्हणजे संमतीपत्र, त्यावर सही फक्त बाईची. अठरा पूर्ण असतील तर दुसऱ्या कुणाची लागत नाही. तरी खिडकीवरूनच सांगतात, 'मिस्टरांना घेऊन या.' ती घरी जाते, कुणाला सांगावं कळत नाही, आणि येते तेव्हा चौथा महिना लागलेला असतो. जे काम गोळ्यांवर भागलं असतं त्याला मग भरती व्हावं लागतं. कायदा काय म्हणतो ते आमच्यातल्याच कितीजणांना ठाऊक नाही, याचा मला फार त्रास होतो.

श्रीरंग: मर्यादा काहीतरी हवीच. ऑक्टोबर २०२३ मध्ये २६ आठवड्यांचा गर्भ पाडायची परवानगी सर्वोच्च न्यायालयाने नाकारली. मूल जगू शकेल अशी अवस्था होती. मला तो निकाल योग्य वाटतो.

अनघा: शेवटच्या टप्प्याबद्दल मी भांडतच नाहीये. त्याच न्यायालयाने सप्टेंबर २०२२ मध्ये अविवाहितेलाही २४ आठवड्यांपर्यंतची दारं उघडली, तेही सांगा. माझं मागणं साधं आहे: पहिल्या बारा आठवड्यांत बाईचा शब्द पुरेसा असावा.

बीडकर: बारा नको. आता रक्ततपासणीने दहाव्या आठवड्याच्या सुमारास लिंग कळू शकतं आणि ते चोरून सांगणारे निघतीलच. नऊ म्हणा. तिथपर्यंत मी तुमच्या बाजूने आहे, गोळ्या दुकानात असायलाच हव्यात.

अनघा: आणि जिला दिवस गेल्याचंच दहाव्या आठवड्यात कळलं, तिने काय करायचं?